जाहिरातसंस्था कोणाची? : अडतीच्या एका प्रश्नाचा इतिहास

उत्पादकाने अथवा व्यापाऱ्याने आपल्या मालासाठी जाहिरातसंस्था कशी निवडावी व तिच्याशी कसे वागावे, या विषयावर विसाव्या शतकात पुष्कळ लिहिले गेले. संस्थेने पूर्वी केलेली कामे पाहावीत, तिच्यातील लेखक व चित्रकार कोणत्या योग्यतेचे आहेत याची चौकशी करावी, प्रतिस्पर्ध्याचे काम ती करीत नाही ना याची खात्री करून घ्यावी, अशा प्रकारचा उपदेश या लेखनात विपुल आढळतो. तो निरुपयोगी आहे असे नाही. परंतु या सर्व प्रश्नांच्या आधीचा एक प्रश्न आहे आणि तो बहुधा गृहीत धरून सोडून दिला जातो. जाहिरातसंस्था ही मुळात कोणाची मुखत्यार? जाहिरात देणाऱ्याची, की जागा विकणाऱ्या वृत्तपत्राची? हा प्रश्न आज कोणाला बाळबोध वाटेल. तथापि या धंद्याच्या पहिल्या पस्तीस वर्षांत त्याचे प्रचलित उत्तर ‘वृत्तपत्राची’ असे, किंवा फार तर ‘कोणाचीच नाही’ असे होते. ते उत्तर अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १८७६ च्या सुमारास एका साध्या व्यापारी कराराने बदलले. आणि बदललेले उत्तर पुढील पंचवीस वर्षांत पुन्हा झाकोळून गेले.

मराठी वाचकाला या प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी फार दूर जावयास नको. बाजारपेठेतील अडत्या त्याच्या चांगल्या परिचयाचा आहे. शेतकऱ्याचा माल अडत्याच्या गाळ्यावर उतरतो, अडत्या तो खरेदीदाराला विकून देतो आणि व्यवहारावर ठराविक टक्के अडत घेतो. अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जात असेल तर अडत्या हा शेतकऱ्याचा माणूस असावयास हवा. परंतु ज्याच्याशी त्याची रोजची ऊठबस आणि उधारीचे नाते असते तो खरेदीदार असतो. हातावर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी भाव ठरविण्याच्या जुन्या रीतीविषयी शेतकऱ्याच्या मनात संशय असे, त्याचेही कारण एवढेच की, रुमालाखाली ठरलेला भाव आणि पट्टीवर लिहिलेला भाव एकच आहे हे पडताळून पाहण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळे व भाजीपाला यांवरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असे शासनाने ठरविले, तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवण्यापर्यंत मजल गेली. अडत कोणी द्यावयाची हा वरवर हिशेबाचा दिसणारा प्रश्न किती खोलवर जातो, हे त्या प्रसंगाने पुरते दाखवून दिले. अमेरिकेतील जाहिरातधंद्याचा आरंभकाळ हा असाच रुमालाखालच्या भावाचा काळ होता.

त्या धंद्याचा पहिला ज्ञात पुरुष व्हॉल्नी पामर हा होय. १८४१-४२ च्या सुमारास त्याने फिलाडेल्फियात आपले कार्यालय उघडले व काही वर्षांतच बॉस्टन आणि न्यूयॉर्क येथे शाखा काढल्या. गावोगावच्या वृत्तपत्रांना शहरातील व्यापाऱ्यांच्या जाहिराती हव्या होत्या, पण त्या मिळविण्यासाठी शहरात माणूस ठेवणे त्यांना परवडत नव्हते. पामर तो माणूस झाला. तो जाहिरात मिळवी, तिचा मजकूर वृत्तपत्राकडे पाठवी, पैसे वसूल करी आणि त्यातील पंचवीस टक्के स्वतःकडे ठेवून बाकीची रक्कम वृत्तपत्राला देई. आपण वृत्तपत्रांचे मुखत्यार आहोत, असे तो उघडपणे सांगत असे. त्यात लपवाछपवी मुळीच नव्हती. दलाली वृत्तपत्र देत होते, तेव्हा दलालाची निष्ठा वृत्तपत्राकडे असणे न्याय्यच होते. जाहिरात देणारा हा या व्यवहारात केवळ गिऱ्हाईक होता. दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाने दुकानदाराला आपला हितकर्ता समजू नये, इतके त्याला त्या काळी कळत असे.

पामरची ही सरळ व्यवस्था फार काळ टिकली नाही. दलाल वाढले, त्यांच्यात चढाओढ सुरू झाली आणि प्रत्येक जण वृत्तपत्राकडून अधिकाधिक सूट उकळू लागला. १८६५ मध्ये बॉस्टनमध्ये जॉर्ज रोवेल याने या धंद्याला निराळेच वळण दिले. न्यू इंग्लंड प्रांतातील वृत्तपत्रांमधील जागा त्याने आगाऊ व घाऊक घेऊन ठेवली आणि ती किरकोळ विकावयास काढली. शंभर वृत्तपत्रांत महिनाभर एक इंच जागा, किंमत शंभर डॉलर, अशी ती सुटसुटीत योजना होती. जाहिरातदाराला एका रकमेत शंभर गावे मिळत. रोवेलला प्रत्येक वृत्तपत्राकडे ती जागा किती स्वस्त पडली, हे मात्र रोवेललाच ठाऊक असे. यानंतर दलाल हा दलाल राहिला नाही. तो जागेचा घाऊक व्यापारी झाला.

रोवेलला लबाड म्हणणे अन्यायाचे होईल. तो वृत्तपत्रांना रोख पैसे देई आणि जाहिरातदाराकडून वसुली झाली नाही तरी स्वतः नुकसान सोसून वृत्तपत्राचे देणे चुकवी. इतकेच नव्हे, तर १८६९ मध्ये त्याने अमेरिकेतील पाच हजारांहून अधिक वृत्तपत्रांची एक सूची छापून प्रसिद्ध केली आणि तीत प्रत्येकाच्या खपाचा अंदाज दिला. खपाचे आकडे वाटेल तसे फुगवून सांगण्याचा तो काळ होता. निःपक्षपाती संस्थेकडून खपाची तपासणी करून घेण्याची व्यवस्था अमेरिकेत १९१४ मध्ये व भारतात १९४८ मध्ये सुरू झाली, हे लक्षात घेतले म्हणजे रोवेलच्या या साहसाचे मोल कळते. ज्या माहितीच्या अभावावर दलालाची मिळकत अवलंबून होती, तीच माहिती एका दलालाने छापून विकावी हा योगायोग मोठा गमतीचा आहे. परंतु सूचीत खप होता. जागेचा खरा भाव तीत नव्हता, आणि तो असणे शक्यही नव्हते. वृत्तपत्राचे छापील दरपत्रक हे घासाघीस कोठून सुरू करावयाची एवढेच सांगण्यापुरते असे.

या पद्धतीत जाहिरातदाराचे नुकसान नेमके कोठे होत असे, ते नीट पाहिले पाहिजे. समजा, एखाद्या व्यापाऱ्याने पाचशे डॉलर खर्च करावयाचे ठरवून तीन दलालांकडून आकडे मागविले. ज्याचा आकडा सर्वांत कमी, त्याला काम मिळाले. आता या दलालाला जो काही लाभ व्हावयाचा तो पाचशे डॉलर आणि वृत्तपत्रांना प्रत्यक्ष द्यावयाची रक्कम यांच्या फरकातून. साहजिकच तो अशा वृत्तपत्रांची निवड करणार की, ज्यांनी त्याला अधिक सूट दिली आहे, किंवा ज्यांची जागा त्याने आधीच घेऊन ठेवली असून ती पडून आहे. व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक ती पत्रे वाचते किंवा नाही, हा विचार त्याच्या हिशेबात येतच नाही. म्हणजे व्यापाऱ्याने भाव पाडून घेतला तर भाव पडतो आणि त्याबरोबर निवडही बिघडते. पुन्हा, हे बिघडणे त्याला कधीच दिसत नाही. जाहिरात छापून आलेली असते आणि माल का खपला नाही याची कारणे सांगावयास जगात तोटा नसतो. सर्वांत कमी आकडा देणाऱ्याला काम देण्याची रीत जाहिरातीच्या बाबतीत का फसते, याचे हे मूळ कारण होय, आणि ते दीडशे वर्षांत फारसे बदललेले नाही.

फ्रान्सिस वेलँड एअर याने १८६९ मध्ये फिलाडेल्फियात पेढी काढली, त्या वेळी तो एकवीस वर्षांचा होता आणि त्याच्यापाशी अडीचशे डॉलर भांडवल होते. पेढीला त्याने आपल्या शिक्षक वडिलांचे नाव देऊन ‘एन. डब्ल्यू. एअर अँड सन’ असे नामकरण केले. जुन्या घराण्याची पेढी वाटावी हा हेतू त्यात असावा. आरंभी अकरा धार्मिक साप्ताहिकांच्या जाहिराती मिळविण्याचे काम तो करी. म्हणजे तोही इतरांसारखाच वृत्तपत्रांचा अडत्या होता व जागेच्या खरेदीविक्रीतून होणारा नफा त्यालाही वर्ज्य नव्हता. राल्फ हॉवर या हार्वर्डमधील अभ्यासकाने पेढीच्या दप्तरावरून तिचा विस्तृत इतिहास १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. पेढीच्या सहकार्याने लिहिलेल्या इतिहासात पेढीच्या संस्थापकाची नीतिमत्ता थोडी उजळ दिसावी हे क्रमप्राप्तच. एअर हा बॅप्टिस्ट पंथाचा कडवा अनुयायी व रविवारच्या धर्मशाळेचा प्रमुख होता, यावरही अशा वर्णनांतून भर दिला जातो. परंतु त्याने जे केले त्यासाठी धर्मनिष्ठेचा दाखला आवश्यक नाही. ज्या धंद्यात ग्राहक दरवेळी आकडे मागवितो आणि दरवेळी नवा दलाल पाहतो, त्या धंद्यात उद्याची शाश्वती नसते, हे कोणाही हिशेबी माणसाला कळण्यासारखे होते.

फिलाडेल्फियाहून जवळच वेस्ट ग्रोव्ह येथे डिंजी अँड कॉनार्ड ही गुलाबाची रोपे टपालाने विकणारी रोपवाटिका होती. १८७६ च्या सुमारास एअरने या गुलाबवाल्यांशी जो करार केला, तो जाहिरातीच्या इतिहासात ‘खुला करार’ म्हणून ओळखला जातो. त्याचे तत्त्व एका वाक्यात सांगता येण्याजोगे आहे. वृत्तपत्राने जागेसाठी जी रक्कम प्रत्यक्ष घेतली असेल ती पेढीने जाहिरातदाराला उघड सांगावयाची, आणि तीवर ठरलेली टक्केवारी जाहिरातदाराने पेढीला मेहनताना म्हणून द्यावयाची. ही टक्केवारी प्रथम साडेबारा होती, पुढे ती पंधरा झाली. करार ‘खुला’ अशासाठी की, एकूण खर्चाचा आकडा व वृत्तपत्रांची यादी त्यात आधीच बांधून टाकलेली नसे. अनुभव येईल तसे एखादे पत्र गाळावे, दुसरे घ्यावे, खर्च वाढवावा किंवा आखडावा, याला मोकळीक होती. मात्र त्या मुदतीत जाहिरातीचे सर्व काम याच पेढीने पाहावयाचे.

वरवर पाहता हा किरकोळ फेरबदल वाटतो. टक्केवारी होतीच, ती तशीच राहिली. फक्त ती कोणी द्यावयाची व कशावर मोजावयाची एवढेच बदलले. पण तेवढ्याने रुमाल दूर झाला. पेढीला कोणत्या वृत्तपत्राने किती सूट दिली यावर तिचा लाभ आता अवलंबून राहिला नाही. मिळविलेली प्रत्येक सूट जाहिरातदाराच्या खात्यात जमा होऊ लागली. दुसरे असे की, जाहिरातदारालाही एक गोष्ट सोडावी लागली. दर खेपेस चार ठिकाणी आकडे मागविण्याचा हक्क त्याने गमावला. पेढी आपला हिशेब उघडा करते आणि त्याच्या मोबदल्यात जाहिरातदार आपली चंचलता सोडतो, अशी ही देवाणघेवाण होती. कराराची ही दुसरी बाजू नंतरच्या लेखकांनी पुरेशी लक्षात घेतलेली दिसत नाही. त्यांच्या लिखाणात एअरचा प्रामाणिकपणाच तेवढा येतो. गुलाबवाल्यांनी दाखविलेल्या विश्वासाचा उल्लेख क्वचितच आढळतो.

अशा करारातील एक पक्ष टपालाने माल विकणारा असावा यालाही अर्थ आहे. पेठेतील दुकानदाराला जाहिरातीचा परिणाम नुसता जाणवतो. टपालाने माल विकणाऱ्याला तो मोजता येतो. रोपांची मागणी पत्राने येते, पत्रावर गाव असते, आणि कोणत्या पत्रातील जाहिरातीने किती मागण्या आणल्या याचा ताळा मोसमाच्या अखेरीस मांडता येतो. ज्याला परिणाम मोजता येतो त्याला यादी बदलण्याची मोकळीक हवी असते, आणि तशी मोकळीक बांधीव रकमेच्या ठेक्यात मिळत नाही. खुल्या कराराची गरज अशा धंद्याला सर्वांच्या आधी भासावी हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. (याच रोपवाटिकेतून पुढे फुटून निघालेल्या कॉनार्ड यांच्या पेढीने १९४५ मध्ये ‘पीस’ हा जगप्रसिद्ध गुलाब अमेरिकेत आणला.)

करार झाल्यानंतर पेढीच्या कामाचे स्वरूपच पालटू लागले. १८७९ मध्ये निकल्स-शेपर्ड या मळणीयंत्रे बनविणाऱ्या कारखान्याने एअरकडे जाहिरातीची योजना मागितली. पेढीने वृत्तपत्रांची यादी दिली, तेव्हा हीच पत्रे का, असा प्रश्न पुढे आला. मळणीयंत्र कोठे खपेल हे धान्य कोठे पिकते यावर अवलंबून. आणि कोणत्या भागात किती पीक निघते याची एकत्र माहिती पेढीपाशी नव्हती. तेव्हा देशभरातील सरकारी अधिकारी व वृत्तपत्रचालक यांना तारा करून पिकांचे आकडे मागविण्यात आले आणि तीन दिवसांत जिल्हावार तक्ते तयार झाले. कारखानदाराला हे तक्ते विकत हवे होते. ते विकण्यास पेढीने नकार दिला. आमचे काम स्वीकारणाऱ्यालाच ते मिळतील, असे सांगितले. काम तिला मिळाले. बाजारपेठेच्या पाहणीचे हे अमेरिकेतील पहिल्या उदाहरणांपैकी एक गणले जाते. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, जागेच्या फरकावर जगणाऱ्या दलालाला असल्या उपद्‌व्यापाचे काही कारणच नव्हते. धान्याचे आकडे गोळा करण्याने त्याचा नफा एका सेंटनेही वाढला नसता. मजकूर लिहिण्यासाठी पगारी लेखक एअर पेढीने नेमला तो १८९२ मध्ये, म्हणजे करारानंतर सोळा वर्षांनी. जाहिरातसंस्था म्हटले की, आज प्रथम आठवतात ते लेखक आणि चित्रकार तिच्यात उशिरा आले. त्यांच्या आधी हिशेबाची चोख वही आली.

१८७७ मध्ये एअरने कोए, वेदरिल अँड कंपनी ही पेढी विकत घेतली. ती पामरच्याच धंद्याची वारस होती.

येथपर्यंतची कथा सुधारणेची आहे. परंतु खुल्या करारात एक वैगुण्य प्रथमपासून होते. पेढीचा मेहनताना खर्चाच्या टक्क्यांवर मोजला जात असल्यामुळे, खर्च वाढेल तितका मेहनताना वाढे. भाव उघडा झाला होता. पण ‘यंदा जाहिरात करू नका’ हा सल्ला देणाऱ्या मुखत्याराला त्या सल्ल्याबद्दल काहीच मिळत नव्हते. वकिलाने अशिलाला दावा न लावण्याचा सल्ला दिला तरी त्याची फी बुडत नाही, ही स्थिती जाहिरातसंस्थेच्या वाट्यास आली नाही.

याहून मोठा आघात वृत्तपत्रांकडून झाला. १८९३ मध्ये अमेरिकेतील वृत्तपत्रप्रकाशकांच्या संघाने असे ठरविले की, मान्यताप्राप्त स्वतंत्र जाहिरातसंस्थांनाच कमिशन द्यावयाचे आणि थेट येणाऱ्या जाहिरातदाराला सूट द्यावयाची नाही. १९०१ मध्ये कर्टिस प्रकाशनसंस्थेने आपल्या मोठ्या खपाच्या नियतकालिकांसाठी हेच धोरण अधिक कडक केले. कमिशनातला काही भाग जाहिरातदाराला परत करणाऱ्या संस्थेला कमिशन मिळणार नाही, अशी अट तिने घातली. संस्था-संस्थांमधील घसाराखाऊ चढाओढ याने थांबली हे खरे. पण याचा परिणाम असा झाला की, मेहनताना पुन्हा एकदा जागा विकणाऱ्याकडून येऊ लागला. जाहिरातदाराने सूचना द्यावयाच्या, संस्थेने त्या पाळावयाच्या आणि वेतन तिसऱ्यानेच द्यावयाचे, अशी ही विलक्षण त्रिकोणी व्यवस्था. १९१७ मध्ये जाहिरातसंस्थांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला आणि त्याच सुमारास पंधरा टक्के हा दर सर्वत्र रूढ झाला. एअरच्या करारात पंधरा हा दोन पक्षांनी ठरविलेला आकडा होता. आता तो रूढीचा आकडा झाला. साबणाचा कारखाना असो वा बँक असो, काम अवघड असो वा सोपे असो, दर एकच. संस्था निवडताना मोबदल्याचा विचार करण्याचे कारणच उरले नाही आणि मग निवडीचे निकष साहजिकच संस्थेची शान, तिचे कार्यालय व तिची बोलकी माणसे यांवर येऊन ठेपले. १९५५ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने स्पर्धाविरोधी कायद्याखाली या व्यवस्थेवर दावा लावला. १९५६ मध्ये झालेल्या तडजोडीच्या हुकूमनाम्यान्वये कमिशनाचा दर संघटितपणे ठरविण्यास बंदी झाली. रूढी मात्र त्यानंतरही पुष्कळ वर्षे टिकली.

१९६० मध्ये शेल या तेलकंपनीचे काम स्वीकारताना डेव्हिड ओगिल्व्ही यांनी कमिशन न घेता ठराविक शुल्क घेण्याचे मान्य केले. त्यांच्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांना ते रुचले नाही. तीन वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी चांगला जाहिरातदार कसा असावा यासाठी एक स्वतंत्र प्रकरणच खर्ची घातले, ही गोष्टही सूचक आहे. त्यापूर्वीचे बहुतेक लेखन जाहिरातसंस्था कशी असावी याविषयीचे होते.

याच काळात एव्हिस या भाड्याने मोटारी देणाऱ्या कंपनीचा करार झाला, तो डिंजी अँड कॉनार्डच्या कराराशी ताडून पाहण्याजोगा आहे. १९६२ मध्ये रॉबर्ट टाउनसेंड हे कंपनीचे प्रमुख झाले, तेव्हा ती तेरा वर्षे तोट्यात होती. मोठ्या प्रतिस्पर्ध्याइतका पैसा त्यांच्यापाशी नव्हता. डॉइल डेन बर्नबाख या संस्थेचे बिल बर्नबाख यांनी काम घेताना दोन अटी घातल्या. धंदा समजून घेण्यासाठी नव्वद दिवस द्यावेत. आणि संस्था जी जाहिरात मनापासून सुचवील ती जशीच्या तशी छापावी, तीत दुरुस्त्या सुचवू नयेत. टाउनसेंड यांनी त्या मान्य केल्या. तयार झालेली जाहिरात आपण दुसऱ्या क्रमांकावर आहोत हे कबूल करणारी होती. ती संस्थेतील सर्वांनाही पसंत नव्हती. तरी ती छापली गेली आणि पुढच्याच वर्षी कंपनीला नफा झाला. त्या नफ्याचे सारे श्रेय जाहिरातीला देणे बरोबर नाही, कारण टाउनसेंड यांनी कारभारातही मोठे फेरफार केले होते. परंतु कराराचे स्वरूप पाहता तेथेही जाहिरातदाराने काही सोडले होते, आणि संस्थेनेही सोडले होते. जे स्वतःला पटत नाही ते ग्राहकाला खूश करण्यासाठी पुढे करण्याची सवय तिला टाकावी लागली.

मुंबईत जाहिरातधंद्याचा आरंभ सामान्यतः १९०५ मध्ये गिरगावात स्थापन झालेल्या बी. दत्ताराम अँड कंपनीपासून मानतात. परंतु येथील मोठ्या संस्थांची घडण या देशी मुळातून झाली नाही. जनरल मोटर्सने १९२७ मध्ये आपल्या परदेशी व्यापाराचे काम जे. वॉल्टर थॉम्प्सन या अमेरिकी संस्थेला दिले, ते जेथे जेथे आमचा कारखाना तेथे तेथे तुमचे कार्यालय या बोलीवर. मोटारी जुळविण्याचा कारखाना १९२८ मध्ये शिवडीला निघाला आणि १९२९ मध्ये थॉम्प्सनचे कार्यालय मुंबईत उघडले. लिंटास ही तर युनिलिव्हर समूहाची घरचीच संस्था. तिची भारतीय शाखा १९३९ पासूनची. म्हणजे मुंबईत जाहिरातदाराने संस्था निवडली असे म्हणण्यापेक्षा जाहिरातदार संस्था बरोबर घेऊन आला, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. मोबदल्याची व्यवस्था मात्र अमेरिकी रूढीचीच आली. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या वृत्तपत्रसंस्थेने मान्यता दिलेल्या जाहिरातसंस्थांना पंधरा टक्के कमिशन, हा दंडक भारतातही पक्का झाला. जाहिरातसंस्थांचा स्वतःचा संघ १९४५ मध्ये निघाला. १८७६ चा प्रश्न न विचारताच १९१७ चे उत्तर येथे स्वीकारले गेले.

असे असूनही मुंबईत दोन सहवास असे घडले की, ते कोणत्याही कराराच्या शब्दांत बसत नाहीत. १९४६ मध्ये एअर-इंडियाचे बॉबी कूका आणि थॉम्प्सनमधील चित्रकार उमेश राव यांनी मिळून ‘महाराजा’ निर्माण केला. येथे जाहिरातदाराचा माणूस आणि संस्थेचा माणूस यांच्या कामाची सीमारेषा आखणेच कठीण आहे. कूका यांची विनोदबुद्धी आणि राव यांची रेषा यांचे ते अपत्य. दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. १९६६ मध्ये अमूल लोण्याचे काम सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्या संस्थेकडे आले आणि युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या झग्यातली ती मुलगी रेखाटली. रोजच्या घडामोडींवर भाष्य करणारे फलक लावावयाचे तर प्रत्येक फलक मुंबईहून आणंदला मंजुरीसाठी पाठवून चालण्यासारखे नव्हते. मंजुरी येईपर्यंत घटना शिळी झाली असती. व्हर्गिज कुरियन यांनी ती मंजुरीच काढून टाकली. फलक लागल्यानंतर तो जसा लोकांना दिसे तसाच त्यांनाही दिसे. काही फलकांवरून वाद झाले, तरी ही मोकळीक काढून घेण्यात आली नाही. दुधाच्या सहकारी संघाने, म्हणजे शेतकऱ्यांच्या पैशाच्या विश्वस्ताने, इतका विश्वास टाकावा हे एव्हिसच्या उदाहरणापेक्षाही अधिक धाडसाचे होते, कारण टाउनसेंड यांना निदान जाहिरात आधी पाहता येत होती. कूका शेजारी बसून काम करीत, कुरियन दूर राहून. आणि दोन्ही रीती फळास आल्या. जाहिरातदाराने संस्थेच्या कामात किती लक्ष घालावे याचा एकच नियम शोधणाऱ्यांना ही जोडी अडचणीची आहे.

जागेचा भाव उघड असावा की नसावा हा मूळ प्रश्न दरम्यान संपलेला नव्हता. जागेची खरेदी आणि मजकुराची रचना ही कामे विसाव्या शतकाच्या अखेरीस वेगवेगळ्या संस्थांकडे गेली, तेव्हा घाऊक खरेदी करणाऱ्या मोठ्या संस्था पुन्हा उभ्या राहिल्या. अमेरिकेतील जाहिरातदारांच्या राष्ट्रीय संघाने करविलेल्या चौकशीचा अहवाल जून २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमांकडून अशा संस्थांना मिळणारी परतसूट जाहिरातदाराला न कळविण्याचा प्रघात व्यापक आहे, आणि काही संस्था जागा स्वतः घेऊन ती वाढीव भावाने आपल्याच ग्राहकांना विकतात, असे त्यात नमूद आहे. रोवेलला हे वर्णन वाचून नवल वाटले नसते. त्यानंतर या संघाने आपल्या सभासदांसाठी कराराचा जो नमुना सुधारून दिला, त्यात माध्यमांकडून मिळालेली सूट जाहिरातदाराला परत करण्याचे आणि हिशेब तपासण्याच्या हक्काचे कलम आहे. भारतात मार्च २०२५ मध्ये स्पर्धा आयोगाने मुंबई, दिल्ली व गुरुग्राम येथील काही मोठ्या जाहिरातसंस्थांच्या कार्यालयांवर छापे घातले; दर आणि सवलती आपसात संगनमताने ठरविल्याच्या संशयावरून ही चौकशी सुरू झाली.